थांबशिळा

कुसवड्याच्या देवीच्या देवळासमोर, पिंपरणीच्या बुंध्याशी एक बसकी काळी शिळा आहे. तिला थांबशिळा म्हणतात. गावातल्या कुठल्याही नवरीला उटणे लागण्याआधी, ते कालवणारी बाई बोटभर उटणे स्वतःच्या गालाला लावून या शिळेवर बसते. पिंपरणीची सावली देवळाच्या पायरीला टेकेपर्यंत तिने उठायचे नाही, आणि कुणी तिला उठवायचेही नाही. हे कशामुळे, ते देवळाचे धोंडू गुरव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

फार मागे गावात गुणाई नावाची म्हातारी होती म्हणे. रानातली मुळे आणि साली वाटून ती लेप करी. खरूज असो, भाजलेले असो, तोंडावरचे वांग असोत, हात तिचाच. देशमुखांच्या सगुणेचे लग्न ठरले तेव्हा नवरीच्या लेपाचा मान साहजिकच तिला मिळाला. चंदन, मंजिष्ठा आणि उपळसरीचे मूळ तिने तीन दिवस दुधात भिजवले, हळदीच्या सकाळी वाटले आणि वाटी घेऊन ती देवळाच्या अंगणात आली.

वाटी देशमुखीणबाईंच्या हाती देता देता तिला जाणवले, लेपाला उपळसरीचा गोड वास नाही. चंदनाने झाकला असेल, असे तिने मनाला समजावले. मग तिला आठवले की चार दिवसांमागे कुणाच्या तरी गुडघ्यासाठी चित्रकाचे मूळ खणले होते आणि ते त्याच टोपलीत टाकले होते. चित्रक कातडीला लागला की फोड उठवतो. तिची नजर दोन वर्षांपासून अधू झाली होती. ते तिने कुणालाच कळू दिले नव्हते.

सगुणा पाटावर बसली होती. सुवासिनींनी वाटीकडे हात केले.

"थांबा," गुणाई म्हणाली. "लेप आधी मला लावून बघू द्या."

"मुहूर्त टळतोय," देशमुखीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं लेप करतेस, आजच कसली शंका?"

"मुळं ओळखताना चूक झाली असेल. मला नीट दिसत नाही, बाईसाहेब."

कुणीतरी म्हणाले, मग हाताला लाव. गुणाईने तळवे पुढे केले. वाटून वाटून ते पाट्यासारखे झाले होते. त्यांना काही कळण्यासारखे उरले नव्हते. तिने बोटभर लेप गालाला फासला आणि ती शिळेवर जाऊन बसली.

बराच वेळ काहीच झाले नाही. वरपक्षाकडून दोनदा निरोप आला. बायका कुजबुजू लागल्या, म्हातारी चळली. खुद्द गुणाईलाही वाटू लागले की आपण उगाच स्वतःचे नाव घालवले. देशमुखीणबाईंनी वाटी उचलली. "पुरे झालं. मुहूर्त गेला तर परत मिळेल का?"

"मुहूर्त दुसरा मिळेल. पोरीला कातडं दुसरं मिळायचं नाही."

बाईंनी ऐकले नाही. त्या वळल्या, पण सगुणेने पाटावरूनच आईचा हात धरला. "सावली पायरीपर्यंत जाऊ दे, आई. मी बसते."

सावली पायरीपासून हातभर राहिली तेव्हा गुणाईने डोळे घट्ट मिटले. गाल लालभडक झाला होता. सावली टेकली, तेव्हा त्यावर फोड तरारून आले होते. ती तशीच बसून होती.

देशमुखीणबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. सगुणा उठली, तिने आपल्या हाताने तो गाल धुतला आणि वर लोणी लावले. हळद म्हणून तिने त्या दिवशी नुसती तेलात कालवलेली हळकुंडाची पूड लावून घेतली, तीही गुणाईच्याच हातून. गुणाईचा डाग मरेपर्यंत गेला नाही, असे सांगतात. लेप मात्र ती करत राहिली. मुळे निवडायला सगुणेने माहेरची एक डोळस बाई तिच्याजवळ बसवली.

आजही कुसवड्यात लग्नाचा मुहूर्त काढताना सावलीचा तेवढा वेळ आधीच धरतात. आता उटणे दुकानातून पुडीत येते. पुडी फोडणारी बाईही मुकाट्याने शिळेवर जाऊन बसते, आणि नवरी पाटावरून तिच्या गालाकडे बघत राहते.