दोरीकडची बाजू

“म्हंजे ते लाकूड परत उलटं बी फिरतं?”

फकीर वलीबाबांनी हे विचारलं तेव्हा ज्योतिराम कातारी मांडीवर नारळ घेऊन खिंडीतल्या दर्ग्याच्या पायरीवर बसला होता. खरं तर विचारायला तो आला होता. पण बाबांपुढं बसलेल्या प्रत्येकाची हीच गत व्हायची. माणूस विचारायला यायचा आणि उत्तरं देत बसायचा.

“फिरतं की,” ज्योतिराम म्हणाला. “आमचा लाकूड कातायचा लेथ दोरीवरचा, आज्याच्या येळचा. लाकडाला दोरीचा येढा द्यायचा. समोरचा मानूस एका हातानं वढतो, लाकूड माज्याकडं फिरतं. दुसऱ्या हातानं वढतो, उलटं जातं.”

“आन तू?”

“माज्याकडं आलं की पटाशी लावायची. उलटं चाललं की उचलायची.”

“उलट्यात कातत न्हाईस?”

“पटाशी लागतच न्हाई तवा. निम्मा वेळ फुकट. म्हनून तर नवा लेथ आनतोय, बाबा. परवा टेम्पोतनं येनार. पयला हात तुमचा लागावा म्हनून आलोय.”

एवढं बोलून तो जरा ताठ बसला. पंचक्रोशीत पाळण्याचे दांडे कातावेत तर ज्योतिरामनंच, असं लोक म्हणत, आणि लोक म्हणतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

बाबा तर हरखलेच. यंत्र म्हटलं की ते पोर होऊन जात. एस.टी.चा ड्रायव्हर नवस फेडायला आला, तर त्याच्याकडून आधी गिअर कसा पडतो ते समजून घेत आणि मग दुवा देत.

“ह्यो नवा कसा फिरतो?”

“मोटारीवर. बटन दाबलं की सुरू. एकाच अंगानं फिरनार, थांबायचं नाव न्हाई.”

“आन वढायला?”

“कुनी नगं! मी आन बटन.”

हे तो जरा जास्तच मोठ्यानं बोलला. दर्ग्यावरची कबुतरं उडाली.

“आता कोन वढतो?”

ज्योतिराम नारळाची शेंडी चाचपत राहिला.

“शिदू. थोरला भाऊ माजा.”

“त्येला काय वाटतंय नव्या लेथाचं?”

“इचारलं न्हाई.”

“का रं?”

“आमी बोलत न्हाई.”

...

बाबा सरकून जवळ आले. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी हळहळ केली असती. बाबांना नवलच वाटलं.

“बोलत न्हाई, आन एका दोरीवर काम करता?”

“सकाळी येतो. समोर बसतो, दोरी धरतो. सांजच्याला उठून जातो. तोंडातनं चकार शबूद न्हाई. गेल्या जत्रंपासनं आसंच चाललंय.”

“आन परवापासनं?”

“त्यो बी सुटला, मी बी सुटलो.”

“सकाळचा येनार न्हाई मग?”

“कशाला येईल? दोरीच न्हाई म्हटल्यावर...”

वाक्याच्या शेवटाला आवाज का उतरला, ते ज्योतिरामला कळलं नाही.

“येक सांग,” बाबा म्हणाले. “जरा हळू वढ, आता थांब, हे त्येला कसं सांगतोस?”

“सांगावं लागत न्हाई. त्येला कळतं.”

“कशावरनं कळतं?”

ज्योतिरामनं मांडीवरचा नारळ बाजूला ठेवला.

“ठावं न्हाई, बाबा.”

“मला बी न्हाई,” बाबा खुशीत म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. “चल, करून बगू.”

आडावर जाऊन त्यांनी पोहऱ्याची दोरी सोडून आणली. आपल्या सोट्याला तिचा एक वेढा दिला. ज्योतिरामला सोट्याची दोन्ही टोकं मुठीत सैल धरून बसायला सांगितलं आणि दोरीची टोकं घेऊन स्वतः समोर फतकल मारून बसले.

बाबांनी सगळा जोर लावला. सोटा जागचा हलेना.

“दोन्ही हातांनी नगा वढू, बाबा. एक वढा, एक सोडा.”

“वढायचं बी आन सोडायचं बी?”

“व्हय.”

“एकाच टायमाला?”

“व्हय वो!”

बाबांनी पुन्हा ओढलं. सोटा अर्धा फिरला, दोरी गुंतली, बाबा मागं कलंडले आणि पडल्या पडल्या हसत सुटले. ज्योतिरामलाही हसू आवरेना. एवढा तो बऱ्याच दिवसांत हसला नव्हता.

“मला काय जमत न्हाई,” बाबा दाढीतली धूळ झाडत म्हणाले. “तू बस हितं. मी कातारी हुतो.”

“मी? दोरीकडं?”

“का? कदी बसला न्हाईस?”

नव्हताच बसला. दोघं भाऊ लहान असताना बापानं दोघांच्याही हातात पटाशी देऊन पाहिली होती. ज्योतिरामचा हात लगेच बसला. थोरल्याचा बसेना. बापानं एकाला पटाशी दिली, एकाला दोरी. त्यानंतर जागा कधी बदलल्या नाहीत.

ज्योतिराम उठून पलीकडं गेला आणि बसला. दोरी हातात घेतली.

बाबांनी सोटा धरला आणि कातारी असल्याचं झकास सोंग घेतलं. मान खाली घातली. जिभेचं टोक दातात धरलं. जगातला सगळ्यात नाजूक दांडा आपल्याच हातात आहे, असा चेहरा केला.

ज्योतिराम ओढू लागला. सोटा फिरू लागला. इकडं, तिकडं. इकडं, तिकडं.

थोड्या वेळानं बाबांच्या भुवया जवळ आल्या. ज्योतिरामचा हात हलका पडला.

“का रं? हळू का झालास?”

“तुमी भिवया आवळल्या नव्हं. मला वाटलं, नाजूक जागा आली.”

बोलून झालं आणि दोरी त्याच्या हातात तशीच राहिली.

...

“तितनं काम दिसतंय का रं?” बाबांनी विचारलं.

“न्हाई. लाकूड नुसतं फिरतंय. कुटं काय लागतंय, त्ये दिसत न्हाई.”

“मग काय दिसतंय?”

उत्तर समोरच होतं.

“तुमचं त्वांड,” तो म्हणाला.

“आनखी?”

“आनखी काय न्हाई. त्वांडच दिसतंय.”

आपल्या बाजूनं काय दिसतं ते तो आठवू लागला. फिरणारं लाकूड दिसायचं. पटाशीचं पातं दिसायचं. लाकडापलीकडं दोन मुठी दिसायच्या, त्यांवरचे घट्टे दिसायचे. मुठींच्या वर काय असायचं? शिदूच्या मिशा पिकल्यात का? त्याला काही केल्या आठवेना. रोज समोर बसणाऱ्या भावाचा चेहरा आठवेना, याची त्याला भीती वाटली, आणि मग लाजही वाटली.

“जत्रंत काय झालतं?” बाबांनी हळूच विचारलं.

या प्रश्नाला ज्योतिरामकडं एरवी तयार उत्तर असायचं. त्यात सगळी चूक शिदूची असायची. आज ते उत्तर त्याला देववेना.

“पाळना घेऊन गेलतो जत्रंला. लोकं बगायला जमली. कोनतरी म्हनलं, ज्योतिराम, हातात जादू हाय गड्या तुज्या. शिदू शेजारीच हुता. हसत म्हनला, दोरी माजी हाय बरं का त्येला.”

“मग?”

“मला राग आला. सगळ्यांच्या देखत... म्हनलं, दोरी काय, बैल बी वढतो.”

“आन शिदू?”

“त्यानं पाळना उचलला आन गाडीत ठेवला.”

...

वाऱ्यानं दर्ग्यावरची हिरवी चादर हलली. बाबांनी सोट्याचा वेढा सोडवला आणि दोरी गोळा करू लागले. ती त्यांच्या हातून पुन्हा गुंतली. ज्योतिरामनं ती घेतली, नीट गुंडाळली, आडावर जाऊन पोहऱ्याला बांधली. परत आला तो उभाच राहिला.

“बाबा, लेथ आनू का नगं?”

“आन की! नगं कशापायी?” बाबांना प्रश्नच कळला नाही जणू. “मला बगायचाय. आन बटन मी दाबनार, आदीच सांगून ठेवतो.”

ज्योतिरामनं नारळ उचलून बाबांपुढं ठेवला. पाया पडला आणि पायऱ्या उतरू लागला. खाली वाटेला लागणार, तोच वरून हाक आली.

“ज्योतिराम! येक इचारायचं ऱ्हायलंच.”

त्यानं वळून पाहिलं. बाबा पायरीच्या कडेला येऊन उभे होते. खरंच काही ठाऊक नसलेल्या माणसासारखे, मान तिरकी करून.

“बैल वढतो ना... तवा त्येचं त्वांड कुनीकडं असतं रं?”