कोंडाई कासारणीचा बोळ

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तुमच्या-माझ्या आज्याच्या आज्यानंसुद्धा ती नुसती ऐकलेलीच होती. तेव्हा काजळसांगवीला सडक नव्हती, नदीवर पूल नव्हता, आणि गावात दोनच आळ्या होत्या. एक वरली, एक खालची.

वरल्या आळीत गावदेवीचं देऊळ होतं आणि खालच्या आळीत मशीद. पण देवीचा स्नानाचा घाट खालच्या आळीपलीकडे नदीवर, आणि पिराचा दर्गा वरल्या आळीपलीकडे टेकडीवर. त्यामुळे देवीला स्नानाला जायचं तर मुसलमानांच्या दारांवरून जावं लागे, आणि पिराला चंदन चढवायला जायचं तर हिंदूंच्या दारांवरून. दोन्ही आळ्यांना जोडणारा मधोमध एक बोळ होता. तो इतका अरुंद होता, की समोरून बैल आला तर माणसानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.

त्या बोळाच्या तोंडाशी कोंडाई कासारीण राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्यांचे हात भरणाऱ्या या बाईचे स्वतःचे हात मोकळे होते. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती दोन्ही आळ्या फिरायची. वरल्या आळीत तिला मावशी म्हणत, खालच्या आळीत खाला.

आता बांगड्या भरायच्या म्हणजे नुसती काच विकून भागत नाही. हात हातात घ्यावा लागतो, दाबून दाबून सैल करावा लागतो, अंगठा आत मुडपावा लागतो. बाई बोलण्यात रमली की हात आपोआप मऊ पडतो आणि बांगडी सरकन चढते. म्हणून कोंडाई बायकांना बोलतं करायची. गावातलं कुठलंही सुख-दुःख आधी तिच्या कानावर यायचं आणि तिथंच राहायचं. तिच्या पोटात विहिरीएवढी जागा होती, असं म्हणतात.

मग एका वर्षी गावचा म्हातारा पाटील वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. पाटीलकीवर वरल्या आळीच्या हैबतरावांनी हक्क सांगितला आणि खालच्या आळीच्या मदारसाहेबांनीही सांगितला. दोघेही घरंदाज, दोघांमागे माणसं. पहिल्यांदा चावडीवर वादावादी झाली, मग शिवीगाळ झाली, मग चावडीला कुलूप लागलं. एकमेकांच्या शेतावर बैल देणारी माणसं रस्त्यात नजर चुकवायला लागली. किराण्याचं दुकान वरल्या आळीत होतं, तिथं खालची माणसं जाईनात. पिंजारी खालच्या आळीत राहायचा, वरल्या आळीच्या गाद्या तशाच पडून राहिल्या.

त्यात आणखी एक झालं. पिराचा उरूस चंद्राच्या हिशेबानं दरवर्षी थोडा थोडा मागं सरकतो. सरकत सरकत त्या वर्षी तो नेमका देवीच्या छबिन्याच्या, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीच्या दिवशी आला. पिराचा संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, वर जाणार आणि देवीचा छबिना खाली येणार, दोन्ही दिवेलागणीला, आणि दोन्ही त्याच बोळातून. पूर्वी कधी असं झालं की पाटील बोळात उभा राहून एकाला हात करायचा, दुसऱ्याला वाट द्यायचा. आता हात करणाराच कुणी नव्हता.

उरूस जवळ येत गेला तसं गाव बदललं. ऊन उतरलं की दारं लागत. लोहाराचा भाता दिवसभर चाले, आणि कोयते कुणाचे आहेत हे कुणी विचारत नसे. आया पोरांना अंगणात खेळू देईनात. कुत्री भुंकायची थांबली होती आणि नुसती भिंतीकडेला बसून राहायची, असं म्हणतात.

कोंडाईच्या पाटीतल्या बांगड्या तेव्हा फुटायला लागल्या. बायका बांगडीला फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण त्या दिवसांत घरोघर इतक्या बांगड्या वाढल्या, की बायकांचे चेहरे पांढरे पडत. कोंडाईला कारण कळत होतं. घाबरलेला हात आखडतो. कितीही दाबा, तो मऊ पडत नाही.

एके दिवशी ती हैबतरावांच्या घरी गेली. त्यांची धाकटी सून तान्हूबाई गरोदर होती, तिला हिरवा चुडा भरायचा होता. तान्हूबाईचा हात लाकडासारखा झाला होता. एक बांगडी गेली, दुसरी गेली, तिसरीचा तुकडा मनगटात घुसला. तेव्हा ती पोर रडायला लागली. म्हणाली, "मावशी, त्यांनी माळवदांवर दगड जमवलेत. छबिना बोळात शिरला की वरून मारणार. मग घरात शिरणार. आपल्यात कुणी उरणार नाही."

ओसरीवर हैबतराव बसले होते. जाता जाता त्यांनी कोंडाईला थांबवलं आणि खालच्या आळीत काय पाहिलंस म्हणून विचारलं. कोंडाईनं तिथं दगड पाहिले होते. पण वरल्या आळीच्या माळवदांवरही पाहिले होते. बोलावं तर आग लागेल, असं वाटून ती काही न बोलता निघाली.

तिथून ती मदारसाहेबांच्या घरी गेली. त्यांच्या म्हाताऱ्या आईला, हलीमाबीला, उरसासाठी नव्या बांगड्या हव्या होत्या. म्हातारीचा हात बर्फासारखा गार होता. तीही हळू आवाजात सांगायला लागली. वरल्या आळीनं माळवदांवर दगड जमवलेत. संदल बोळात शिरला की वरून मारणार. मग घरात शिरणार. आपल्यात कुणी उरणार नाही.

कोंडाईच्या हातातून म्हातारीचा हात सुटला. तेच शब्द होते, त्याच क्रमानं. दाराशी मदारसाहेबांनीही तिला विचारलं, की खाला, तिकडे काय चाललंय. ती त्यांनाही काही बोलली नाही.

घरी आली तेव्हा तिला आपलंच दार दिसलं. हिंदू आले काय नि मुसलमान आले काय, दोघांच्याही वाटेवरचं घर तिचं होतं. सणाच्या दिवशी दुपारी तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं, पाटी डोक्यावर घेतली आणि भावाच्या गावाची वाट धरली. वेशीवर वरल्या आळीचे राखणदार बसले होते. ते म्हणाले, "जा मावशी, बरं केलंस." ओढ्याच्या उतारावर खालच्या आळीचे होते. तेही तेच म्हणाले.

ओढा ओलांडून ती जरा टेकली. बसल्या बसल्या एक गोष्ट तिच्या मनात आली. दोघांनी तिला विचारलं होतं आणि दोघांपुढं ती गप्प राहिली होती. ती गप्प राहिली म्हणून हैबतरावांनी वाईटच धरलं असणार. मदारसाहेबांनीही वाईटच धरलं असणार. आग लागू नये म्हणून ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यानंच वाळलेलं गवत आणखी वाळलं. कोंडाई पुष्कळ वेळ तिथं बसली. ऊन कलायला लागलं तशी ती उठली आणि आल्या वाटेनं परत गेली. तिचे पाय पुढं पडत नव्हते, ती त्यांना ओढत होती, असं म्हणतात.

दिवेलागणीला वरून ताशा वाजायला लागला आणि खालून डफ. छबिना बोळाच्या वरच्या तोंडाशी आला, संदल खालच्या तोंडाशी आला. इकडे दिवट्या, तिकडे मशाली. दोन्हीकडची माणसं अनवाणी होती, कारण देवीपुढं नि पिरापुढं कुणी जोडा घालत नाही. माळवदांवर अंधारात माणसं ओणवी बसली होती. आणि बोळाच्या ऐन मध्यावर कोंडाई बसली होती.

तिनं आपली सगळी पाटी रिकामी केली होती. हिरव्या, लाल, पिवळ्या, सोनेरी बुट्ट्यांच्या, बाळंतिणीच्या, नवरीच्या, लहान पोरींच्या, होत्या नव्हत्या तेवढ्या बांगड्या तिनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरल्या होत्या. पाऊल टाकायला जागा नव्हती.

ताशा थांबला. डफही थांबला. पालखीचे भोई पुढं होईनात आणि संदलाचं ताट डोक्यावर घेतलेला माणूसही पुढं होईना. अनवाणी पायांना काच लागेल हे तर होतंच, पण भय त्याचं नव्हतं. एवढ्या बांगड्या तुडवायच्या म्हणजे आपल्याच घरातल्या बायकांचे हात रिकामे करायचे. ते अभद्र पहिल्यांदा कुणी करायचं?

हैबतराव पुढं आले आणि म्हणाले, की मावशी, बाजूला हो. मदारसाहेबांनीही तेच सांगितलं. कोंडाई मान खाली घालून म्हणाली, "उचलते. पण आधी हैबतदादा, तुम्ही सांगा, मदारभाईंच्या घरात आज कशाचं भय आहे. आणि मदारभाई, तुम्ही सांगा, हैबतदादांच्या घरात कशाचं आहे. मग मी सगळ्या उचलते."

हैबतराव चिडले. मला काय ठाऊक, म्हणाले.

"ठाऊक नसेल तर विचारा," कोंडाई म्हणाली.

तेवढ्यात वरून दगड आला. कुठल्या माळवदावरून आला ते आजवर कुणाला कळलेलं नाही. तो कोंडाईच्या कपाळाला, डोळ्यालगत लागला आणि रक्ताचा ओघळ तिच्या डोळ्यावरून गालावर आला. दोन्हीकडून एकदम हुंकार उठला. कोयत्यांच्या मुठी आवळल्या. आता एक शब्द उलटा पडता, तर काजळसांगवी त्या संध्याकाळी संपली असती.

कोंडाई हलली नाही. तिनं डोळ्यावरचं रक्तही पुसलं नाही. हुंकार विरला आणि सगळ्यांना बांगड्यांचा बारीक किणकिणाट ऐकू आला. वारा नव्हता, कुणी हात लावला नव्हता, आणि जमिनीवरच्या सगळ्या बांगड्या आपोआप वाजत होत्या, असं म्हणतात. कोंडाई स्वतः मात्र मरेपर्यंत वेगळं सांगायची. ती म्हणायची, माझ्या हातात बांगड्यांची एक लड होती आणि माझे हात भयानं थरथरत होते, तेच तुम्ही ऐकलंत.

काही असो, हैबतरावांनी तो आवाज ऐकला आणि मान वर केली. कितीतरी महिन्यांनी ते मदारसाहेबांशी बोलले. कोरड्या आवाजात विचारलं, "कशाचं भय आहे तुमच्या घरात?"

मदारसाहेब सांगायला लागले. आई जेवत नाही. ती म्हणते, माळवदांवर दगड आहेत, संदल बोळात शिरला की वरून मारतील, मग घरात शिरतील, आपल्यात कुणी उरणार नाही.

हैबतरावांना आता हे आपल्या तोंडानं परत सांगायचं होतं. ते सांगायला लागले आणि मध्येच अडले, कारण हेच सगळं त्यांनी त्या सकाळी आपल्या सुनेच्या तोंडून ऐकलं होतं. कसंबसं त्यांनी पुरं केलं. मदारसाहेब म्हणाले, "हो, असंच आहे." मग त्यांनी विचारलं, आणि हैबतरावांनी तान्हूबाईचं सांगितलं. मदारसाहेब ते परत सांगता सांगता एक शब्द विसरले. हैबतराव म्हणाले, "ती पोटुशी आहे, ते राहिलं." मदारसाहेबांनी तेही म्हटलं.

माळवदांवर कुणीतरी दगड खाली ठेवला. त्याचा आवाज आला. मग दुसरा आवाज आला. मग बराच वेळ नुसते दगड ठेवल्याचे आवाज येत राहिले.

दोन्ही आळ्यांतल्या बायका बोळात उतरल्या आणि बांगड्या गोळा करायला लागल्या. हलीमाबीनं आपल्या ओढणीचा पदर फाडून कोंडाईच्या कपाळाला बांधला. एवढ्या गर्दीत एकही बांगडी वाढली नाही, असं म्हणतात. मग छबिना खाली निघाला आणि संदल वर निघाला, दोन्ही एकाच वेळी. जिथं बैलाला वाट द्यायला माणसाला भिंतीला चिकटावं लागे, तिथून पालखी आणि संदलाचं ताट एकमेकांशेजारून गेली. बोळाच्या भिंतींनी मागं सरून जागा दिली, असं म्हणतात. आजही तो बोळ मध्यावर फुगलेला आहे. तसं बांधलं कुणी, ते सांगता येत नाही.

यानंतर भांडण मिटलं असं मात्र समजू नका. पाटीलकीचा वाद पुढं पुष्कळ चालला. ती शेवटी कुणाला मिळाली, याबद्दल दोन्ही आळ्या आजही वेगवेगळं सांगतात. पण चावडीचं कुलूप दुसऱ्या दिवशी निघालं ते पुन्हा लागलं नाही. तान्हूबाईला मुलगी झाली. कोंडाईचा एक डोळा गेला तो गेलाच. ती पुढं कितीतरी वर्षं जगली, पाटी घेऊन फिरली, आणि दिवेलागणीला दगड पडल्याचा भास होऊन दचकायची. हे वरल्या आळीतही सांगतात आणि खालच्या आळीतही.

आता काजळसांगवीत ग्रामपंचायत आहे. निवडणुका होतात, पक्ष आहेत, झेंडे आहेत, मोबाइलवर नको नको ते फिरत असतं. पण सभेत कुणाला कुणाच्या विरोधात बोलायचं असेल, तर त्यानं आधी उठून समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. समोरच्यानं हो, असंच आहे, म्हटल्याशिवाय पुढं बोलता येत नाही. याला तिथं कोंडाईचा मान म्हणतात. बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांनाही तो द्यावा लागतो. काहींना ते जमत नाही, ते चहा पिऊन निघून जातात. मंदिराच्या भोंग्याचा आणि मशिदीच्या भोंग्याचा वाद आला तेव्हा सकाळी सुरू झालेली सभा ऊन उतरेपर्यंत चालली. माणसं कंटाळली, चिडली, पण घरी कुणी गेलं नाही. कुणीतरी मध्येच म्हणायचं, "नाही, अजून नीट नाही आलं. परत सांगा."

आणि समोरचा घोटभर पाणी पिऊन परत सांगायचा.