बारशाची फाटलेली खीर

एका गावात एक सून होती. गाव इतकं लहान, की एका घरात कांदा चिरला तर शेजारणीच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या गावाची एक छान रीत होती. कुणाच्याही घरी बारसं असलं, की प्रत्येक घरातून थोडं थोडं दूध यायचं. ते एकत्र करून खीर व्हायची आणि ती सगळ्यांनी खाल्ली, की बाळ गावाचं झालं असं मानायचे.

सुनेच्या धाकट्या जावेला मुलगी झाली. बारशाच्या खिरीचा मान पहिल्यांदाच सुनेला मिळाला. सकाळपासून दूध येत होतं. कुणी कळशीभर आणलं, कुणी तांब्याभर. सगळ्यांत शेवटी गावाच्या टोकाला राहणारी म्हातारी आली. तिच्याकडे एकच शेळी. तिनं वाटीभर दूध सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "थोडंच आहे गं, पण ताजं आहे."

सुनेनं सगळं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं. तांदळाच्या कण्या घातल्या. कण्या मऊ शिजल्या. आता पातेलं उतरवायचं, खीर निवू द्यायची आणि मगच गूळ घालायचा, हे त्या गावात पोरीसोरींनाही ठाऊक होतं. पण तेवढ्यात बाहेर "आत्याबाई आल्या, आत्याबाई आल्या!" असा गलका झाला. सुनेची तारांबळ उडाली. तिनं उकळत्या खिरीतच गूळ टाकला.

व्हायचं तेच झालं. खीर फाटली. अख्ख्या गावाचं दूध, आणि त्याचं चोथापाणी! सून चुलीपुढेच रडायला लागली.

मदतीला आलेली शेजारीण कानाशी लागली, "रडतेस काय? शेळीचं दूध नासकं होतं म्हण. म्हातारी काय बोलणार आहे?"

सुनेला क्षणभर बरं वाटलं. खोटं का सांगा, सुटकेचा रस्ता दिसला की कुणालाही बरं वाटतंच. पण मग तिला ती वाटी दिसली. एकदा का ठपका आला, की पुन्हा कुठल्याच बारशाला म्हातारीचं दूध कुणी घेणार नव्हतं. मग गावातली बाळं सगळ्यांची झाली असती, फक्त तिची नाही.

सून डोळे पुसून ओटीवर गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "सासूबाई, खीर फाटली. दूध सगळ्यांचं चांगलं होतं. घाईत उकळत्या खिरीत मीच गूळ घातला."

सासूबाई जिभेच्या तिखट. सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या आत गेल्या, चमचाभर चाखलं आणि म्हणाल्या, "दूध चांगलं आहे ना? मग टाकायचं कशाला? आटव. नासकं म्हणाली असतीस तर उकिरड्यावर ओतावं लागलं असतं." मग बाहेर येऊन त्यांनी हुकूम सोडला, "बायांनो, पाळणे म्हणा. येतात तेवढे सगळे म्हणा!"

बायका पाळणे म्हणत राहिल्या. आत सून ढवळत राहिली. हात भरून आले. मग शेजारीणही वरमून उठली आणि तिनं दुसरं उलथनं हातात घेतलं. पाणी आटलं, गोळा झाला, खरपूस वास सुटला. सुनेनं तूप, खोबरं, वेलदोडा घातला. परातीत थापून वड्या पाडल्या. दाणेदार, तांबूस, तोंडात विरघळणाऱ्या!

आत्याबाईंनी एक खाल्ली आणि बाळाचं नाव ठेवायचं विसरून दुसरी मागितली.

सून मात्र ताटली घेऊन दाराकडे गेली. म्हातारी तिथं अंग चोरून उभी होती. सुनेनं तिच्या हातावर वडी ठेवली. "आजी, तुम्ही सगळ्यांनी इतकं चांगलं दूध दिलंत, म्हणून माझी लाज राहिली. उपकार झाले बघा."

म्हातारीचे डोळे भरून आले. "उपकार तुझे, पोरी. खीर फाटली ऐकलं, तेव्हाच मी जायला निघाले होते. म्हटलं, आता माझंच नाव येणार." तिनं वडी कपाळाला लावली. "मला एकदा घेऊ देशील का गं बाळाला?"

सुनेनं म्हातारीला आत बसवलं, पाळण्यातून बाळ उचललं आणि तिच्या मांडीवर दिलं.

तात्पर्य: चूक आपली म्हटली, की ती सुधारणंही आपल्या हाती राहतं. दुसऱ्याच्या माथी मारली, तर चांगलं दूधही उकिरड्यावर जातं.