ओरडणारा डाव आणि थरथरणाऱ्या वड्या

एक होता राजा, आणि तो इतका दमलेला होता, की मुकुटसुद्धा डोक्यावर न घालता शेजारी उशीवर ठेवायचा. हसू नकोस मन्या, तूही शाळेतून आलास की दप्तर असंच टाकतोस. सरक जरा. ओवी, पाय काढ माझ्या कमरेतून. आज माझा उजवा हात कामातून गेलाय. का गेलाय ते शेवटी सांगेन. मधे विचारलं तर गोष्ट बंद.

तर राजा दमलेला. राणी दमलेली. प्रधान दमलेला, घोडे दमलेले. त्या राज्यातले कोंबडेसुद्धा पहाटे 'कुकूच' एवढंच म्हणायचे आणि 'कू' उद्यावर ढकलायचे.

का बरं एवढे दमलेले? तर राजाच्या स्वयंपाकघरात होता एक लाकडी डाव. हातभर लांब, काळाकुट्ट. राजाच्या पणजोबांना तो एका राक्षसाने लग्नात आहेर म्हणून दिला होता. राक्षसाचा आहेर कोणी घेतं का? पण पणजोबा हावरट, फुकट मिळालं की घेणारे. तुमचा बाप त्यांच्यावरच गेलाय. तो डाव होता बोलका. कढईत फिरता फिरता थांबला, की किंचाळायचा, "फिरव! फिरव! थांबलीस तर वाडा पडेल!"

मग काय, स्वयंपाकघरातली बासुंदी ढवळणं कधी थांबेचना. पाळ्या लावून ढवळायचे. एक कढई उतरली की दुसरी चढायची. आणि ती भीती स्वयंपाकघरातून हळूहळू साऱ्या राज्यात पसरली. झाडणारा झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचा. परीट धुतलेलं धोतर पुन्हा धुवायचा, धोतराचा पंचा व्हायचा, पंचाचा रुमाल व्हायचा, तरी धुवायचाच. दुपारची झोप म्हणजे काय, ते तिथल्या कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नकोच असते म्हणा. मला हवी असते, ती तुम्ही देत नाही.

एकदा काय झालं, राजाचा मुलगा गलबतात बसून सात समुद्रांपलीकडे गेला. तिथे समुद्रात बेटंच बेटं. येताना तिथली बायको करून घेऊन आला. तिचं नाव लिगाया. गालावर खळी, आणि हसली की दारातली तोरणं हलायची, बरं का. आपली भाषाही भराभर शिकली. सासूला म्हणाली, "सासूबाई, चहा घेता?" सासूबाई म्हणाल्या, "ठेव तिथं, हात मोकळा झाला की घेते." हात काही मोकळा झाला नाही. चहा गार झाला. असं रोज व्हायचं.

मग लिगाया हळूहळू हसेनाशी झाली. मग जेवेनाशी झाली. मग नुसती खिडकीत बसून समुद्राकडे बघायला लागली. एवढ्यात तिच्या बेटांवरचं गलबत बंदरात लागलं. तीन दिवस थांबणार आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला परत जाणार. लिगायाने कपड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं.

राजपुत्र घाबरला. म्हणाला, "अगं, तुला काय हवं ते सांग तरी."

ती म्हणाली, "ऊन तापलं की माझी आई एक गार खाऊ करायची. चॉकलेटच्या थरथरणाऱ्या वड्या आणि वर बर्फासारखं दूध. तो एकदा जिभेला लागला, तर मी इथे राहू शकेन असं वाटतं. नाही तर जाते मी. परत येईन की नाही, ठाऊक नाही."

आणि तिने तो खाऊ कसा करतात ते सगळं नीट सांगितलं. राजपुत्र मान हलवत ऐकत होता. समुद्रातल्या शेवाळापासून केलेल्या पांढऱ्या पट्ट्या असतात, त्या भिजवायच्या. त्या म्हणजे आपल्या वाण्याकडे चायना ग्रास मिळतं ना, तेच. मग त्या पाण्यात उकळून पार विरघळवायच्या. मग चॉकलेट आणि भाजलेल्या जवाची तपकिरी पावडर घालायची, तुम्ही दुधात घालता आणि अर्धी नुसतीच खाता, तसली. मग दूध घालायचं, मग खाली उतरवायचं, आणि मग... तेवढ्यात राजपुत्राला आली जांभई. इतकी मोठी जांभई, की कान गच्च बंद झाले. शेवटचं वाक्य गेलं वाऱ्यावर. आता बायकोला पुन्हा विचारायचं म्हणजे ती म्हणणार, तुम्ही ऐकतच नव्हता. म्हणून तो गप्प बसला. सगळे नवरे असेच. आजोबांना विचारा. नको, त्यांना उठवू नका.

त्याने गलबतावरून पट्ट्यांच्या तीन पुड्या आणि पावडरीचा डबा आणला आणि नेऊन दिला द्वारकाक्काला.

द्वारकाक्का म्हणजे राजवाड्यातली सगळ्यात जुनी आचारीण. सत्तरी उलटलेली. तोंडाने फटकळ, पण लिगायावर तिचा भारी जीव. लिगाया अंगणातून जाताना रोज खिडकीतून हात हलवायची ना, म्हणून. राज्यात कामाशिवाय हात हलवणारी ती एकटीच होती. पण त्या राजवाड्यात रीत अशी, की नव्या सुनेने पहिलं वर्षभर चुलीपाशी यायचं नाही, आणि आचाऱ्यांनी तिच्याशी स्वयंपाकाचं बोलायचं नाही. मग लिगायाला कोण आत येऊ देणार, आणि तिला कोण विचारणार?

"खाली उतरवायचं, आणि पुढे काय, युवराज?" द्वारकाक्काने विचारलं.

"पुढे... पुढे तुला कळेलच की आक्का. तुझा काय आजचा हात आहे का?"

असं म्हणून पळाला.

पहिल्या दिवशी द्वारकाक्काने एक पुडी भिजवली, उकळली, पावडर घातली, दूध घातलं. घमघमाट असा सुटला, की प्रधान दोनदा चुकून स्वयंपाकघरात आला. मग पातेलं खाली उतरवलं. आता पुढे काय? दूध म्हटलं की ढवळायचं, एवढंच तिला पन्नास वर्षं ठाऊक. शिवाय डाव ओरडतच होता, "फिरव! फिरव!" मग ढवळलं. पातेलं गार होईस्तोवर ढवळलं. शेवटी झालं काय, तर कण्या राहिलेली पेज. वडी नाही की काही नाही. राजाने चमचाभर खाऊन विचारलं, "आज कोण आजारी आहे?"

दुसऱ्या दिवशी दुसरी पुडी. द्वारकाक्काला वाटलं, आपलं ढवळणंच कमी पडलं. सांगते ना, माणूस चुकला की त्याच चुकीचा मोठा घास घेतो. तिने आणखी जोर लावून ढवळलं. दंड सुजला. घाम पातेल्यात पडू नये म्हणून कपाळाला पदर बांधला. आणि झालं काय? नुसत्या गुठळ्या आणि पाणी, ताक बिघडल्यासारखं. मांजरीपुढे ठेवलं, तर मांजरीने त्यावर वाळू ओढायला सुरुवात केली.

बरं का, जागे आहात ना? मन्या झोपला वाटतं. नाही? मग डोळे मिटून काय करतोस, लबाडा.

मग उजाडला तिसरा दिवस. पुडी उरली एक. दुपारी भरती. द्वारकाक्काने सगळं पहिल्यासारखंच केलं. पातेलं उतरवून मोठ्या परातीत ओतलं आणि डाव हातात घेतला. हात वर उचलेना. डाव्या हाताने उजवा हात धरून फिरवायला लागली. डोळ्यांतून पाणी. डाव ओरडतोय, "फिरव! फिरव!"

इतक्यात दारात लिगाया. काखेत गाठोडं. निघण्याआधी आक्काच्या पाया पडायला आली होती. मनात म्हणाली, आता जायचंच आहे, तर रीत मोडली म्हणून कोण काय करणार आहे? आत आली, परातीकडे बघितलं, आक्काच्या सुजलेल्या दंडाकडे बघितलं.

"आक्का! हे काय करताय? हात काढा त्यातून!"

"अगं, ढवळलं नाही तर लागेल."

"काय लागेल? खाली जाळ कुठे आहे? परात तर जमिनीवर आहे."

द्वारकाक्काने खाली बघितलं. खरंच की.

"एवढं झालं ना, की माझी आई दार ओढून घ्यायची आणि मला कुशीत घेऊन झोपायची. हात लावायचा नाही, आक्का. ते आपलं आपण थिजतं. मी यांना सांगितलं होतं!"

डाव तर पिसाळलाच. "फिरव! वाडा पडेल! वाडा पडेल!"

द्वारकाक्का म्हणाली, "सूनबाई, आत एवढी माणसं आहेत गं. खरंच पडला तर?" मग तिने डावाकडे बघितलं. मग त्या गाठोड्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "पडला तर पडला मेला. तू गेल्यावर तो उभा राहून तरी कोणाला दाखवायचाय?"

आणि तिने डाव बाहेर काढला.

आई गं, काय किंचाळला तो! भिंतीवरची भांडी खणखणली. राजा धावत आला, मागून राणी, मागून राजपुत्र, मागून प्रधान.

"द्वारकाक्का! थांबलीस?"

"थांबले, महाराज."

सगळे मान वर करून छताकडे बघत उभे राहिले. आता पडतंय, मग पडतंय. आणि खरंच, वरून पडली... एक पाल. प्रधानाच्या पागोट्यावर. बस. त्याउपर काही पडलं नाही.

लिगायाने तो डाव हातात घेतला, धुतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "शंभर वर्षं ओरडतोयस. दमला असशील ना रे तू पण?"

डाव गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "हुश्श." आणि त्यानंतर तो कधीच बोलला नाही. त्यालाही कोणी आजवर थांब म्हटलं नव्हतं.

मग अशी शांतता पसरली, की पाल चुकचुकली तीसुद्धा हळू. राजा लाकडाच्या मोळीला टेकला आणि घोरायला लागला. राणी धान्याच्या पोत्यावर. राजपुत्र उभ्या उभ्याच. द्वारकाक्का लिगायाच्या मांडीवर, आणि लिगाया भिंतीला डोकं टेकून. मग ती झोप अंगणात गेली, झाडणारा झाडूवर कलंडला. घाटावर गेली, परीट रुमालावर झोपला. मग बंदरावर गेली. गलबताचा तांडेल शिंग फुंकायला उठला होता, त्याने शिंग तोंडाला लावलं आणि त्यातच घोरला. भरती आली, अर्धी घटका थांबली, आणि एकटीच निघून गेली.

ऊन कलल्यावर एकेक जण डोळे चोळत उठला. परातीतलं थिजलं होतं. गुळगुळीत, तपकिरी, आरशासारखं. बोट लावलं की थरथरायचं, गुदगुल्या केलेल्या ओवीसारखं. लिगायाने सुरीने चौकोनी वड्या पाडल्या. डब्यातलं गोड घट्ट दूध, साधं दूध आणि साय एकत्र केली. त्यात वड्या सोडल्या, बर्फ घातला, आणि वरून चिमूटभर कोरडी पावडर भुरभुरली.

काय म्हणालीस ओवी? राजाकडे बर्फ कुठून आला? फ्रीज होता त्याच्याकडे. होताच. गोष्ट माझी आहे की तुझी?

सगळे श्वास रोखून बघत होते. लिगायाने पहिला चमचा खाल्ला. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. द्वारकाक्का पुढे वाकली.

"झालंय का गं आईच्या हातचं?"

"नाही आक्का," लिगाया म्हणाली. "आईच्या हातचं नाही." सगळ्यांचे चेहरे पडले. "पण आमच्या शेजारणीच्या हातचं झालंय अगदी. आणि शेजारीण म्हणजे घराला घर लागलेलं."

मग ती हसली. दारातली तोरणं हलली. गाठोडं तिथेच सोडलं, आणि त्यातलं एक लुगडं आक्काच्या दंडाला बांधलं. तांडेलाला एक वाटी खायला घालून निरोप दिला, की पुढच्या खेपेला माझ्या आईला घेऊन या. तांडेल म्हणाला, "आणतो, पण तेव्हा दोन वाट्या लागतील." आई आली, बरं का. आणि तिने चव घेऊन सांगितलं, साखर जास्त झालीय. आया अशाच.

तेव्हापासून त्या राज्यात रोज दुपारी सगळे आडवे व्हायचे. डाव भिंतीवर टांगला, त्यावर फडकी वाळायची. सगळे सुखाने राहिले, पोटभर झोपले, आणि कोंबड्यांचं 'कू' पुन्हा आलं.

आता माझ्या हाताचं. संध्याकाळी तुम्ही दोघं विचारत होता ना, आजी फ्रीजमध्ये काय ठेवलंस? तर तेच. मीही आधी ढवळत बसले होते, मग तुमच्या आईने हातातून चमचा काढून घेतला. आता ते तिथे थिजतंय. पण त्याची एक खोड आहे. घरातलं एक जरी मूल जागं असेल, तर ते थिजत नाही. कोणी उठून फ्रीज उघडला, तर ते थरथरतं आणि मला कळतं. म्हणून हात बाहेर काढा, पाय सैल सोडा, कोणी काही ढवळू नका.

सकाळी एक वडी कमी दिसली, तर ती मांजराने खाल्ली असं समजा. आपल्याकडे मांजर नाही, हे मला माहीत आहे. झोपा.