श्रावणातली कोलंबी

सुरगड संस्थानच्या धाकट्या राणीसाहेब इंदुमतीदेवी सिगारेट ओढत, स्वतः मोटार हाकत आणि मुंबईच्या क्लबात परक्या पुरुषांबरोबर नाचत. अख्खं संस्थान त्यांना नावं ठेवी. पण नवऱ्याने टाकलेल्या येसूला त्यांनीच आपल्या बंगल्यात ठेवून घेतलं आणि सुइणीचं काम शिकायला घातलं.

एकदा महाराजांचे चुलते काकासाहेब भर दरबारात कडाडले, "ऐन श्रावणात या बाई क्लबात नाचल्या! माझ्याकडे पक्की खबर आहे. यांना हद्दपार करा, बंगला काढून घ्या!"

दाराशी उभी येसू हे सगळं ऐकत होती. बंगला गेला की तिला पुन्हा रस्ताच होता.

काकासाहेब म्हणजे मोठे व्रतस्थ! चातुर्मासात मासळीला शिवणार नाही, संस्थानची वेस ओलांडणार नाही, असा संकल्प त्यांनी देवळात सगळ्यांदेखत सोडलेला.

राणीसाहेब शांतपणे म्हणाल्या, "नाचले हो, खरंच नाचले. पण मजा कसली, काकासाहेब? त्या रात्रीची कोलंबी इतकी कच्ची, की घास उतरेना."

"कच्ची?" काकासाहेब उसळले. "अहो, लोण्यासारखी होती!"

बोलले आणि त्यांनी जीभ चावली. दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी मिशीआड हसू दाबत विचारलं, "काकासाहेब, हद्दपार कुणाला करू म्हणता?"

येसूने पुढे जन्मभर बाळंतपणं केली, काकासाहेबांच्या सुनेचंसुद्धा. राणीसाहेबांना कुणी बदफैली म्हटलं की ती ठणकावायची, "होत्याच तशा! तुमच्यासारख्या सोवळ्या असत्या, तर मला दारात तरी उभं केलं असतं का?"