नीलशृंग उभा राहिला

त्या दिवशी पश्चिम समुद्रावरून असा ओला, माजलेला वारा सुटला होता की आभाळ खाली उतरून झाडांच्या बुंध्यांना टेकले होते आणि दिशांचा भेदच मावळला होता. कृतयुगातली ही गोष्ट. तेव्हा ऋतूंना दुजाभाव ठाऊक नव्हता. नीलशृंग पर्वत म्हणजे एक ठेंगणा, गवताळ उंचवटा; समुद्राचा वारा त्याला सहज ओलांडी आणि अलीकडे पलीकडे सारखेच बरसे.

या नीलशृंगाच्या पूर्व पायथ्याशी ऊर्णायु नामक अग्निहोत्री ऋषीचा आश्रम होता. दर्भांनी हिरवा, धेनूंच्या हंबरण्याने गजबजलेला, सर्वार्थाने संपन्न. पण त्या दिवशी वाऱ्याने त्याचा अग्नी पुन्हा विझवला. अग्नी विझणे म्हणजे जन्मभराचे व्रत मोडणे. पुन्हा अरणी घासत बसायचे, आणि अरणी तर भिजून फुगलेली. घासून घासून तळहात सोलले, धूरसुद्धा येईना.

पत्नी शर्विला म्हणाली, "स्वामी, जरा दम धरा. वारा काय, आज आहे, उद्या पडेल."

"उद्या पडेल, परवा पुन्हा सुटेल! मी काय आयुष्यभर लाकडेच घासू?"

आणि तो तपोधन ताडकन उठला तो थेट नीलशृंगावर जाऊन एका पायावर उभा राहिला. अशा घोर तपाने शिळासुद्धा पाझरतात, मग पर्वत प्रसन्न झाला यात नवल ते काय?

"मुने, वर माग."

"हे गिरिवर, समुद्राच्या वाऱ्याला आडवा उभा राहा! त्याचा ओला श्वास माझ्या अग्नीला लागता कामा नये."

"नीट विचार केलास ना? मी एकदा उठलो की मला बसता येत नाही."

"ऊठ म्हणतो ना!"

"तथास्तु," म्हणून नीलशृंग उठला. धरणी कापली, पक्षी कलकलाट करीत उडाले, आणि मेघमंडळाला भेदणारी काळीकभिन्न शिखरे पश्चिमेला आडवी उभी ठाकली.

अग्नी स्थिर झाला. ज्योत कशी हलेना की डुलेना. ऊर्णायु आनंदला. पण हळूहळू काय झाले पाहा: दर्भ पिवळा पडला, झरा आटला, होमधेनूच्या आचळांत दूध उतरेना. एका सायंकाळी शर्विलेने रिकामा कलश त्याच्यापुढे ठेवला. "अग्नी आहे. पण त्याच्याभोवती शिंपडायला पाणी नाही, आहुतीला दूध नाही. आता तुम्हीच सांगा, या अग्नीचे मी काय करू?"

ऊर्णायु तणतणत इंद्राकडे गेला. इंद्र म्हणाला, "मेघ मी पूर्वीइतकेच पाठवतो. वाहून नेणे वायूचे काम, त्याला विचारा."

वायू चढणीवर धापा टाकीत होता. "मुने, समुद्र पाठीवर घेऊन हा चढ चढून पाहा! वर यावे तसा गारठतो, ओझे पेलवत नाही, म्हणून या पश्चिमेच्या चढावरच ओततो. तुझ्याकडे उतरतो तो रिकाम्या पखालीसारखा. आणि उतरता उतरता तापतो, तो वेगळाच. मला का बोलतोस? त्याला बोल."

ऊर्णायूने शिखरावर जाऊन गर्जना केली, "बस खाली!"

"सांगितले होते," पर्वत म्हणाला.

तेव्हा तो कोपाविष्ट झाला. "अरे जडा, तुझे चूर्ण होऊन तू मातीला मिळशील!" असे शब्द ओठांवर आणून त्याने शापोदकासाठी कमंडलू ओंजळीवर उपडा केला. थेंब पडला नाही. पाण्यावाचून शाप सुटत नाही! त्याने कमंडलू हलवला, आपटला, आत डोळा घालून पाहिला, आणि त्या प्रतापी ऋषीला रडू कोसळले.

तेवढ्यात पश्चिमेकडून त्याचा शेजारी, पलीकडच्या पायथ्याचा वृद्ध मौंज ऋषी, चढून वर आला. वल्कले निथळत होती, जटांत शेवाळ धरले होते, काखेत भिजून कुजलेली अरणी होती.

"मौंजा, ओंजळभर पाणी द्या!" ऊर्णायु ओरडला. "याला शाप देतो!"

तो शाप कधीच सुटला नाही. म्हणून नीलशृंग अजून उभा आहे, त्याची एक कूस सदा गळते, आणि दुसऱ्या कुशीची माणसे शिखरावर अडलेले ढग पाहत बसतात. कारण मौंजाने आपला भरलेला कमंडलू पुढे केला आणि तो म्हणाला, "घ्या, पाणी हवे तेवढे घ्या. पण ऊर्णायु, तुम्ही वर मागितलात त्या दिवसापासून माझ्या घरी अग्नी पेटलेला नाही. तेव्हा शाप कोणाला द्यायचा, ते आधी ठरवा."