कोरड्या देसायाचा ओटा

कानातलं यंत्र नीट बसवा आणि लिंबाच्या सावलीत येऊन उभे राहा. उभे राहा म्हटलं, बसा म्हटलेलं नाही. तुमच्यासमोर तीन पायऱ्यांचा, काळ्या दगडाचा ऐसपैस ओटा आहे. कर्णखेडच्या जुन्या पेठेत एवढी गार जागा दुसरी नाही. तरी भाजीवाल्या बायका त्याच्याभोवती भर उन्हात, फाटक्या छत्र्या लावून जमिनीवर बसल्या आहेत आणि ओटा रिकामा आहे. बाहेरची माणसं येतात, वर चढतात, मांडी घालून आइसक्रीम खातात, फोटो काढतात. आम्ही त्यांना काही बोलत नाही. त्यांना माहीत नसतं. ज्याला सगळं माहीत होतं आणि तरी जो वर बसला, त्याची ही गोष्ट आहे.

मी केवळाबाई भावसार. समोरच्या माडीवर राहते. चाळीस वर्षं त्या खिडकीत शिवणयंत्र चालवलं, बायकांची पोलकी शिवली. ही हकिगत मला माझ्या आत्यानं सांगितली, तिला तिच्या आजेसासूनं. कागदावर कुठेही नाही. कागद लिहून घेणारे देसायांच्या पंगतीला जेवत असत.

सात-आठ पिढ्यांमागे या गावाला तट होता आणि नदीच्या बाजूला एक दरवाजा होता, त्याला पाणवेस म्हणत. आमची रंगाऱ्यांची वस्ती तटाबाहेर, नदीकाठी होती, कारण कापड धुवायला वाहतं पाणी लागतं. एका पावसाळ्यात नदी वस्तीत शिरली आणि सहा माणसं गेली. तेव्हा रंगाऱ्यांनी ठरवलं, आता हे गाव सोडायचं, वरच्या मुलखात जायचं.

त्या वेळी गावचे देसाई सुभानराव. उंच, गोरे, बोलायला गोड. कर्णखेडची निळी लुगडी म्हणजे त्यांची शान होती. कोणाकडे आहेर पाठवायचा तर आमचंच कापड जायचं. रंगारी निघाले म्हणताच त्यांनी सगळी पेठ या ओट्यासमोर बोलावली. वर उभं राहून बेलभंडार उचलला, म्हणजे बेल आणि भंडारा हातात घेऊन देवाची शपथ वाहिली. म्हणाले, "नदी वर आली तर रंगारवाड्यातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय पाणवेस मिटणार नाही. आणि त्या माणसाच्या मागून मी आत येईन."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकेकानं वर जाऊन पायांवर डोकं ठेवलं. फक्त चिमाक्का नावाची रंगारीण, पन्नाशीची विधवा, कोपरापर्यंत निळे हात घेऊन खालीच उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मागून आत यायचं म्हणजे आधी बाहेर यावं लागंल, देसाई. ते कधी येणार?"

सुभानराव हसले म्हणे. हसून वेळ मारून नेणं पुढाऱ्यांना फार सोपं असतं. रंगारी राहिले.

तीन वर्षं नदी शहाण्यासारखी वागली. चौथ्या वर्षी श्रावणात देसायांच्या नातवाचं बारसं होतं. चौकात मांडव घातला होता, दूरच्या सरदारांकडचे पाहुणे आले होते, आणि या ओट्यापासून थेट वाड्याच्या दारापर्यंत एक लांबलचक गालिचा अंथरला होता. तो विजापुराहून आणला होता असं सांगतात. चिमाक्का बाळाची निळी कुंची घेऊन सकाळीच आत आली होती. बाकीची वस्ती बाहेर कामात होती.

दुपारी पंगत बसायच्या सुमाराला वरच्या अंगानं लोंढा आला. पाणवेशीच्या उंबऱ्यावरून पाणी आत सरकायला लागलं. आधी बोटभर, मग घोटाभर. चौकाकडे उतार असल्यानं ते गालिच्याच्या टोकाला येऊन टेकलं.

सुभानरावांनी ते बघितलं आणि माणूस पाठवून वेशीवरच्या नाइकाला, येसबाला, निरोप दिला : दरवाजा लाव.

येसबा स्वतः धावत आला. "सरकार, माणसं बाहेर हैत. रंगारवाडा समदा बाहेर हाय."

"वरच्या वाटेनं येतील."

वरची वाट नव्हतीच. येसबाला ठाऊक होतं, देसायांनाही ठाऊक होतं. येसबा चांगला माणूस होता, पण हुकमाचा होता. त्यानं जाऊन दरवाजा लावला आणि हत्तीच्या पायाएवढा लाकडी अडसर घातला.

नीट ऐका. देसायानं जीव वाचवायला दरवाजा लावला असता तर त्याला भित्रा म्हणून आम्ही विसरलो असतो. भित्री माणसं जगात पुष्कळ आहेत, त्यांच्यावर कोणी गोष्टी सांगत नाही. या माणसानं गालिचा भिजेल म्हणून दरवाजा लावला. पाहुण्यांचे जोडे ओले होतील म्हणून लावला.

थोड्या वेळानं बाहेरून दारावर हात आपटल्याचा आवाज यायला लागला. चौकात तो सगळ्यांना ऐकू येत होता. पंगतीतली माणसं घास हातात धरून एकमेकांकडे बघायला लागली. देसाई सनईवाल्याकडे वळून म्हणाले, "जरा मोठ्यानं वाजव."

चिमाक्का ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. "देसाई, वेस मिटली."

"पाणी उतरलं की उघडू."

"बेलभंडार उचलला होता तुमी."

"ते देवापुढचं बोलणं, बाई. इथे चार मोठी माणसं आली आहेत, त्यांचंही बघावं लागतं. तू कुंची ठेव आणि प्रसाद घेऊन जा."

तिनं कुंची ठेवली नाही. काखेत मारली आणि वळली. शिवी दिली नाही, तळतळाट केला नाही. माझी आत्या म्हणायची, शिवी द्यायलासुद्धा समोर माणूस लागतो.

वेशीपाशी येसबा दाराला पाठ लावून उभा होता. दारावरची प्रत्येक थाप त्याच्या पाठीत बसत होती.

"येसबा, अडसर काढ."

"हुकूम न्हाई, अक्का."

"हुकूम त्याचा. हात कुणाचं?"

येसबानं आपल्या हातांकडे पाहिलं. मग त्यानं अडसराला खांदा लावला. पण पाण्याच्या दाबानं अडसर खोबणीत घट्ट बसला होता, दोघांना हलेना. तेवढ्यात पंगतीतून नारू तांबट उठून आला, खरकट्या हातानंच, वाटेत आपल्या दुकानातून घण घेऊन. त्याच्यामागून कासार आले, कोष्टी आले, वाढपी आले. दरवाजा उघडला की आपल्याच घरात पाणी शिरणार हे प्रत्येकाला कळत होतं. तरी आले. सनई वाजवणारा एकटा मागे राहिला होता. तोही सनई कमरेला खोचून धावला.

नारूनं घणाचे पाच-सहा घाव घातले आणि अडसर उडाला. दरवाजा धाडकन उघडला, नदी आत घुसली. दारावर मात्र आता कोणी नव्हतं. पाणी चढलं तशी माणसं मागे हटून चाळीस पावलांवरच्या मारुतीच्या चौथऱ्यावर चढली होती. लहानमोठी मिळून अठरा.

आतबाहेर पाणी सारखं झालं तेव्हा वेशीबाहेर ते छातीला लागत होतं आणि इथे ओट्याच्या वरच्या पायरीखाली थांबलं होतं. येसबानं मुंडासं सोडलं, इतरांनी आपापली सोडली, एकाला एक बांधून दोर केला. पाण्याखाली घाटाच्या पायऱ्या कुठे आहेत ते फक्त चिमाक्काला पायांनी माहीत होतं. तिनं दोर कमरेला बांधला आणि निघाली. दर खेपेला दोघंतिघं तिला धरून यायची. तिची सून तान्हं मूल डोक्यावर धरून आली, तेव्हा काखेतली ती कुंची काढून चिमाक्कानं आपल्या नातवाच्या डोक्याला बांधली. ओली होती, पण बांधली. सतरा माणसं आत आली.

अठरावा तिचा म्हातारा दीर म्हाळू, पायांनी अधू. एका रांजणावरून दोघांचं भांडण होऊन बारा वर्षं अबोला होता. येसबा म्हणाला, "अक्का, तू दमलीस. मी जातो."

"तो कुणाच्या पाठीवर बसायचा न्हाई," ती म्हणाली. "माझ्याबी बसायचा न्हाई. पर बघते."

बसला. वेशीतून सगळ्यांनी पाहिलं की म्हातारा तिच्या गळ्याला मिठी मारून बसला आहे आणि ती परत फिरली आहे. अर्ध्या वाटेवर एक उन्मळलेलं झाड वाहत येऊन त्या दोघांवर आदळलं. दोराला असा हिसका बसला की धरलेली माणसं दारातून बाहेर ओढली जायला लागली. येसबा गळ्यापर्यंत पाण्यात गेला. आणि एकदम दोर सैल पडला. ओढून आत घेतला तेव्हा त्याचं टोक फाटलेलं नव्हतं. गाठ सोडलेली होती.

दोघंही सापडली नाहीत.

पुरानं रंगारवाड्यातले निळीचे रांजण फोडले होते, म्हणून त्या दिवशी पेठेत आलेलं पाणी निळं होतं. खालच्या गावांनी नदी निळी झालेली पाहून तिची ओटी भरली, असं सांगतात. संध्याकाळी पाणी उतरलं. गावातली झाडून सगळी माणसं कमरेपर्यंत, छातीपर्यंत निळी झाली होती. बायका, पोरं, कासार, कोष्टी, येसबा, सनईवाला. पाहुणे मागच्या वेशीनं कधीच पळाले होते. आणि या ओट्यावर, वरच्या पायरीच्या वर, सुभानराव देसाई पांढऱ्याशुभ्र अंगरख्यात उभे होते. अख्ख्या कर्णखेडात तेवढा एकच माणूस कोरडा होता.

त्यांना कोणी दगड मारला नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे ओट्यावर येऊन बसले. लोक निळ्या पायांनी समोरून गेले, कोणी मान वर केली नाही. हाक मारली तर "जी" म्हणून थांबत, विचारलेल्याचं उत्तर देत आणि चालू पडत. तक्रार घेऊन कोणी येईना, मुजरा करायला कोणी येईना. मोठ्यानं बोलून बघितलं, हसून बघितलं, गूळ वाटून बघितला. गूळ तसाच राहिला, त्याला मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत म्हणे. हे काही मला खरं वाटत नाही. मुंग्यांना काय कळतं? अकरा दिवस असे काढून बाराव्या दिवशी सुभानराव आपल्या दुसऱ्या गावी निघून गेले. निरोप द्यायला वेशीपर्यंत कोणी गेलं नाही. ते कुठे आणि कसे मेले, हे विचारायची गावाला कधी गरज वाटली नाही.

तेव्हापासून या ओट्यावर कोणी बसत नाही. आजही कर्णखेडात दिलेला शब्द खाणाऱ्याला 'कोरडा' म्हणतात, आणि याहून मोठी शिवी आमच्याकडे नाही. आजही कुठल्याही जातीच्या घरी बारसं असलं की बाळाचे पाय आधी निळीच्या पाण्यात बुडवतात, मग नाव ठेवतात.

देसायांचा वंश पुढे गावात परत आला. आत्ताचे डॉक्टर देसाई माझ्या घराच्या मागच्या गल्लीत दवाखाना चालवतात. दोन वर्षांमागे कोणा हौशी मंडळींनी या ओट्याच्या मागच्या भिंतीवर पितळी पाटी ठोकली : 'प्रजाहितदक्ष सुभानराव देसाई यांचे न्यायासन'. मी खिडकीतून वाचली आणि थुंकायला उठले. तेवढ्यात डॉक्टर शिडी आणि पेचकस घेऊन आले. ओट्यावर चढले असते तर हात सहज पोचला असता. पण त्यांनी शिडी बाजूच्या गटाराच्या काठावर टेकवली, एका हातानं भिंत धरली आणि अर्धा तास लोंबकळत एकेक स्क्रू काढला. घामानं निथळत होते. मी वरून ओरडले, "डॉक्टर, पडाल! एक पाय ठेवा की ओट्यावर."

"नको, मावशी," ते म्हणाले. "पोचतोय हात."